उल्हासराव खटावकरांची शेवटची तुकडेजोड

उल्हासराव खटावकरांनी चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत सातारा जिल्ह्यातल्या एक्केचाळीस गावांची जमीन जोडली. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते जिलबी वाढली जाईपर्यंत ही माहिती देऊन मोकळे होत. एखाद्याची शेती चार दिशांना चार तुकड्यांत पडलेली असली, की शेजाऱ्यांशी अदलाबदल करून ती एका जागी आणायची, तिला एक गट नंबर द्यायचा आणि पुढच्या गावाला जायचं, असं ते काम. कागदोपत्री त्याला एकत्रीकरण म्हणत, बोलताना तुकडेजोड. ज्यांची जमीन जोडली जायची ते शेतकरी उल्हासरावांना आणखी बरंच काही म्हणत, पण त्यातलं इथे छापण्याजोगं काही नाही.

असा हा माणूस फेब्रुवारी २०२० मध्ये बायकोसह, तीन महिन्यांसाठी, मुलीकडे आयर्लंडला आला. मुलगी गिरिजा गॉलवेत वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर. शहरातली घरं परवडेनात म्हणून तिने दक्षिणेला चाळीस मिनिटांवर, एका खेड्यातल्या गल्लीत घर घेतलेलं. मार्चमध्ये जग बंद झालं, विमानं थांबली आणि उल्हासराव अडकले. सत्तरीपुढच्या लोकांनी घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा उल्हासरावांना सत्तर पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. त्यांनी पासपोर्ट खिशात ठेवला आणि रोज बाहेर पडायला लागले. ते सत्तरीचे होईपर्यंत तो हुकूम सैल झालेला होता. आयुष्यात सरकारी नियम त्यांच्या बाजूने पडण्याची ही पहिलीच वेळ असावी.

घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरायची मुभा होती. उल्हासरावांनी ते दोन किलोमीटर सगळ्या दिशांनी तुडवले आणि आठवड्याभरात त्यांची झोप उडाली.

"अगं, काय ही जमिनीची दशा!" ते वीणाबाईंना म्हणाले. "जिकडं बघावं तिकडं दगडाचे गडगे. रुमालाएवढं शेत, त्याला गडगा. त्याच्या पलीकडं दुसऱ्याचं, मग परत पहिल्याचं. ह्यांच्याकडं आमचं खातं नव्हतंच का कधी?"

"नसंल," वीणाबाई म्हणाल्या. "म्हणून तर ही माणसं इतकी शांत दिसत्यात."

गल्लीत गिरिजाच्या घराला लागून डीलिया नावाच्या बाईंचं घर होतं. वय शहात्तर, एकट्या, बावीस मेंढ्या आणि सात ठिकाणी सात शेतं. गल्लीच्या वरच्या टोकाला कोलमन राहायचा. वय अडुसष्ट, बिनलग्नाचा, मांसासाठी पाळलेली तीसेक गुरं आणि नऊ ठिकाणी नऊ शेतं. ही सोळा शेतं एकमेकांत अशी मिसळलेली, की कोलमनला त्याच्या मागच्या शेतात जायचं तर डीलियाच्या अंगणातूनच जावं लागे, सकाळी जाऊन येऊन दोनदा, संध्याकाळी जाऊन येऊन दोनदा. डीलियाला आपल्या शेवटच्या शेतातल्या मेंढ्या बघायच्या तर कोलमनच्या गोठ्यावरून दीड मैल चालायचं.

आणि ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. १९९४ साली कोलमनने एक फाटक उघडं टाकलं, त्याने तेव्हा पाळलेला मेंढा डीलियाच्या कळपात शिरला आणि वसंतात व्हायची कोकरं ऐन नाताळात, बर्फात जन्मली. तेव्हापासून बोलणं बंद. मात्र ट्रॅक्टरवरून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर करून नमस्कार करायची तिथली रीत आहे, ती कोलमनने सोडली नव्हती. सव्वीस वर्षं दिवसातून चार वेळा तो बोट वर करी आणि ती खिडकीतून मान हलवी. आपल्याकडची अबोल्यातली भावकी एवढा शिष्टाचार पाळत नाही, हे उल्हासरावांनी आल्या आल्या टिपलं.

डीलियाचा उजवा खुबा गेलेला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती साथीमुळे पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. कॉर्कला राहणारा तिचा भाचा दर रविवारी फोन करून वृद्धाश्रमाची माहिती सांगे. एकदा गडग्यापलीकडून बोलताना ती उल्हासरावांना म्हणाली, "मेंढ्यांपर्यंत चालता आलं नाही तर मेंढ्या विकाव्या लागतील. आणि मेंढ्या गेल्या की या घरात राहायला माझ्याकडे काही निमित्तच उरणार नाही. भाचा त्याचीच वाट बघतोय."

हे ऐकलं आणि उल्हासरावांच्या अंगात बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला भूकरमापक ताडकन उठून बसला. हिची सातही शेतं घराभोवती आणून दिली की प्रश्न संपला! मागची तीन शेतं कोलमनची, ती हिला द्यायची, हिची वरची त्याला. पोरखेळ होता. असली प्रकरणं त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी मिटवली होती.

"बाबा, प्लीज," गिरिजा लॅपटॉपमधून डोकं वर काढून म्हणाली. "तुम्ही लोकांच्या शेतांत मापं घेत फिरू नका. इथे लोकांना ते अजिबात आवडत नाही. मला इथे राहायचंय."

उल्हासरावांनी शेतांत पाऊल न टाकता गडग्याच्या बाहेरून मापं घेतली. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं, खात्यात तपासून घेतलेलं. जूनभर सगळी गल्ली त्यांना ओठ हलवत, आकडे मोजत चालताना बघत होती. कोलमनला पहिल्यांदा वाटलं, हा कर खात्याचा माणूस. मग वाटलं, जमीन घ्यायला आलेला कुणी श्रीमंत परदेशी. शेवटी त्याची समजूत झाली की म्हातारा काही व्रत करतोय, आणि तो उल्हासराव दिसले की ट्रॅक्टर बाजूला घेऊन टोपी काढायला लागला.

अडचण आली ती वेगळीच. साताऱ्यात नाही म्हणणारा शेतकरी कुऱ्हाड घेऊन बांधावर येई, त्यामुळे नाही कुठे आहे ते लांबून दिसे. इथे उल्हासरावांनी योजना सांगितली तर डीलिया म्हणाली, "ग्रँड." कोलमनला सांगितली तर तोही म्हणाला, "ग्रँड, ग्रँड." उल्हासराव खुशीत घरी आले आणि महिनाभर काहीच झालं नाही. गिरिजाने मग समजावलं, की इथे ग्रँड म्हणजे आपलं 'बघू'. उल्हासरावांनी कपाळावर हात मारला. एकही हरकत नाही आणि एकही संमती नाही, असा गाव त्यांच्या एक्केचाळीसांत नव्हता.

मग त्यांनी ठेवणीतलं शस्त्र काढलं, मूल्यांकन. माणूस जमीन बदलायला तयार होत नाही, कारण शेजाऱ्याचं शेत आपल्यापेक्षा चांगलं निघेल अशी त्याला धास्ती असते. म्हणून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरवायची, सोळा आणे म्हणजे सर्वोत्तम, आणि दोन्ही बाजूंच्या आण्यांची बेरीज सारखी करून दाखवायची. जुलैत एका उजेडाच्या संध्याकाळी त्यांनी डीलियाच्या फाटकापाशी दोघांना बोलावलं. दोघं दोन मीटर अंतर ठेवून उभी राहिली. ते अंतर सरकारी होतं आणि त्यांच्या सोयीचंही होतं. उल्हासरावांनी चष्मा लावून यादी वाचायला घेतली.

"डीलियाबाईंचं खालचं शेत. जमीन काळी, सपाट, ओलावा उत्तम. सोळा आणे."

कोलमनने टोपी मागे सरकवली. डीलिया काठीकडे बघत राहिली.

"कोलमनचं टेकडीवरचं शेत. निव्वळ खडक, भेगांतून थोडं गवत, पाण्याचा थेंब नाही. एक आणा. आणि मला हे सांगायला वाईट वाटतं, पण एक आणासुद्धा मी माणुसकी म्हणून लावलाय."

पहिल्यांदा डीलियाचे खांदे हलले. मग कोलमनच्या घशातून एक आवाज आला. आणि मग ती दोघं, सव्वीस वर्षं न बोललेली, फाटकाला धरून अशी हसायला लागली की गल्लीतली कुत्री भुंकत बाहेर आली.

"कोलमन," डीलिया डोळे पुसत म्हणाली, "सांग ना याला हंसांचं."

बाईंनी नावाने हाक मारली हे ऐकून कोलमन क्षणभर हसायचाच थांबला. मग तो म्हणाला, "त्या सोळा आण्यांच्या शेतात नोव्हेंबरात ये. येताना होडी आण."

झालं होतं असं, की उल्हासराव साताऱ्याच्या डोळ्यांनी बघत होते. काळी माती दिसली की कसदार, पाणी दिसलं की लक्ष्मी, खडक दिसला की माळरान. तिथे गणित नेमकं उलटं होतं. खालचं काळं शेत हिवाळ्यात जमिनीखालून वर येणाऱ्या पाण्याने भरून जाई आणि मार्चपर्यंत त्यावर हंस पोहत. खडकाळ टेकडी मात्र उन्हाची ऊब धरून ठेवी, पाय कोरडे राहत, आणि भेगांतल्या त्या थोड्या गवतावर गुरं सगळा हिवाळा उघड्यावर मजेत काढत. आख्ख्या गल्लीत त्या टेकडीइतकी मोलाची जमीन नव्हती, आणि तिला उल्हासरावांनी माणुसकी म्हणून एक आणा लावला होता.

ते घरी आले आणि जेवले नाहीत. चौतीस वर्षांत त्यांच्या मूल्यांकनावर कुणी रडलं होतं, कुणी भांडलं होतं, एकाने तर विहिरीत उडी मारायची धमकी दिली होती. पण हसलं कुणी नव्हतं.

"त्यात काय एवढं?" वीणाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "यादी खालून वर वाचा."

उल्हासरावांनी तिरमिरीत यादी उलटी केली. सोळा होते तिथे एक घातला, एक होता तिथे सोळा, मधलेही त्याच हिशेबाने. बेरजा मारल्या. दोन्ही बाजू बरोबर जुळल्या. ते एकदा कागदाकडे, एकदा बायकोकडे बघून ताट ओढून जेवायला बसले.

उलटी यादी दोघांनी ऐकून घेतली आणि यावेळी ग्रँड म्हटलं नाही. कोलमन म्हणाला, "ठीक बोलतोय हा." सप्टेंबरात अदलाबदल झाली. एक वर्ष तोंडी करारावर वापरून बघायचं आणि पटलं तर मग वकिलाकडे जायचं, असं ठरलं. डीलियाची शेतं घराभोवती एकसंध आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बावीसच्या बावीस मेंढ्या दिसायला लागल्या. कोलमनची सगळी शेतं वरच्या अंगाला, त्याच्या गोठ्यापासून टेकडीपर्यंत सलग झाली. उल्हासरावांनी आधीचा आणि नंतरचा नकाशा निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यांचा जुना सहकारी शिरीष याने तिकडून विचारलं, हरकती किती? उल्हासरावांनी लिहिलं, शून्य. मग ते दिवसभर कुणाकुणाचे अंगठे आले ते मोजत बसले.

परतीची तिकिटं दोनदा रद्द होऊन खटावकर अजून तिथेच होते, तोच जानेवारीत पुन्हा सगळं कडकडीत बंद झालं. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. एका सकाळी सव्वाआठला डीलिया मेंढ्यांना खाद्य घालायला मागच्या दाराने निघाली, आणि पायरीवरच्या बर्फावरून घसरली. मनगट मोडलं आणि खुब्यामुळे उठता येईना. तिने हाका मारल्या. गिरिजाच्या घराच्या खिडक्या दुसऱ्या अंगाला होत्या आणि त्या थंडीत सगळ्या बंद. साडेअकराला पोस्टमन आला तेव्हा ती अजून तिथेच होती, आणि मेंढ्या कुंपणापाशी रांगेने उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या.

मनगटाला प्लास्टर घालून ती परत आली. भाच्याचा फोन यावेळी रविवारची वाट न बघता आला. मार्चमध्ये वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होणार होती.

उल्हासराव गडग्यापाशी चौकशीला गेले. डीलिया चहाचा कप डाव्या हातात धरून पायरीवर बसली होती.

"पूर्वी साडेआठला कोलमन इथून जायचा," ती म्हणाली. "पंधरा मिनिटांचाच प्रश्न होता बघ." त्यात दोष देणं नव्हतं. तिने आपलं सहज सांगितलं आणि कप तोंडाला लावला.

तिने दोष दिला असता तर उल्हासरावांना बरं वाटलं असतं. घरी येऊन त्यांनी वीणाबाईंना एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी बेचाळीस वर्षांत कुठल्याच पंगतीत सांगितली नव्हती. १९७९ साली एका गावात बाळूची आई म्हणून एक विधवा होती. तिचा ओढ्याजवळ एक लहानसा तुकडा होता, दगडगोट्यांचा. उल्हासराव त्याच्या बदल्यात तिला तिच्या वस्तीलगत दुप्पट चांगली जमीन देत होते आणि बाई घ्यायला तयार नव्हती. ओढ्याच्या वाटेनं सगळ्या बायका धुणं घेऊन जातात, तिथं राबलं की माणसं दिसतात, एवढंच ती म्हणत होती. उल्हासरावांनी कागदावर लिहिलं, 'हरकत निराधार. फेटाळण्यात येते.' जमीन जोडली आणि पुढच्या गावाला गेले.

"पुढं काय झालं तिचं?" वीणाबाईंनी विचारलं.

"मी परत गेलोच नाही गं," उल्हासराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गल्ली चढून कोलमनकडे गेले. तो गोठ्यात गवत टाकत होता. नव्या वाटणीत एक चूक राहिली आहे, असं उल्हासरावांनी सुरू केलं, तर कोलमनने हातातलं गवत खाली ठेवलं आणि तो एकदम बोलायला लागला. इतकं सलग तो बहुधा मेंढा पळाल्यापासून बोलला नसावा. ती पडल्याचं कळल्यापासून तो तीनदा ट्रॅक्टर घेऊन तिच्या फाटकापर्यंत गेला होता आणि तीनदा तिथूनच वळला होता. तिकडे आता त्याचं शेत नाही. आत जाऊन सांगायचं काय? काम नसताना उगीच कुणाच्या दारात उभं राहायचं, हे त्याच्या बापानेही कधी केलं नव्हतं. त्यात आता तर कायद्यानेच बंदी, शेतीचं काम असेल तरच सूट.

"म्हणजे काम हवं," उल्हासराव म्हणाले.

"काम हवं," कोलमन म्हणाला.

डीलियाच्या स्वयंपाकघरामागे पाव एकराची एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यात दगड, खाजऱ्या पाल्याचं रान आणि एक मोडकी आंघोळीची टाकी, एवढाच ऐवज. ही पट्टी परत मिळावी असा अर्ज कोलमनने केला. डीलिया अशी काही भांडली, की सोन्याची खाण मागितली असावी. पट्टीत एकच गाय बांधायची, जास्त नाही. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी चार, वेळ चुकवायची नाही. अंगणात चिखल केला तर स्वतः धुवायचा. आणि फाटकाची किल्ली तिच्याकडेच राहील, रोज ती स्वतः येऊन उघडेल आणि स्वतःच बंद करेल, कारण फाटकांच्या बाबतीत कोलमनवर विश्वास ठेवता येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. कोलमनने प्रत्येक अटीवर मान खाली घालून हो म्हटलं. तो चेहरा लपवत होता, असं उल्हासरावांना वाटलं.

त्या रविवारी भाच्याचा फोन आला, तो गिरिजाने गडग्यापलीकडून ऐकला. डीलिया मोठ्याने सांगत होती, की मार्चमध्ये यायला जमणार नाही, इथे रोज दोनदा फाटक उघडायचं काम आहे आणि ते दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही. आणि तो म्हणाला असावा की तिथे तुझ्याकडे लक्ष द्यायला माणसं असतील, कारण ती पुढे म्हणाली, "इथे मलाच एकाकडे लक्ष द्यावं लागतं."

सही करायला तिघं अंगणात जमली. उल्हासरावांनी घरीच कागद आखला होता, खात्यातल्यासारखा, रकाने पाडून. नाव, क्षेत्र, चतुःसीमा, सगळं भरून झालं. आयुष्यभर तुकडे जोडलेल्या माणसाने आज स्वतःच्या हाताने, जोडलेल्या जमिनीतून एक तुकडा पाडला होता. शेवटचा रकाना राहिला, तुकडा वेगळा ठेवण्याचं कारण. तो मोकळा सोडायची पद्धत नाही.

"कारण काय लिहू?" त्यांनी कोलमनला विचारलं.

कोलमनने पट्टीकडे बघितलं, मग हातातल्या टोपीकडे, मग पुन्हा पट्टीकडे. डीलिया प्लास्टरच्या हाताशी काहीतरी चाळा करत दुसरीकडेच बघत होती. "गवत चांगलं आहे तिथलं," तो म्हणाला.

उल्हासरावांनीही पट्टीकडे बघितलं. गवताची काडी नव्हती. चौतीस वर्षांत आमदारांच्या मेव्हण्यासाठी सुद्धा त्यांनी कागदावर एक खोटा शब्द घातला नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'गवत उत्तम', आणि खाली हुद्द्यासकट पूर्ण सही केली.